गजर

बाबा साच्यावर बहिरे झाले.
एकोणतीस वर्षं साचेखात्यात,
आणि घरी बसले तेव्हा
कानात एक बारीक शिट्टी तेवढी उरली.

तरी त्यांना पाचाच्या आत उठायचं असे.
जायचं कुठेच नव्हतं. चार चाळीसला पाणी यायचं,
दोन पिंपं, एक हंडा. ते भरायचं
आणि दिवसभर
भरलेल्या पाण्याचा चेहरा करून बसायचं.

घड्याळ होतं. डोक्यावर दोन घंटा,
तबकडीवर एक कोंबडी,
दर सेकंदाला दाणा टिपायची,
जन्मभर तोच दाणा.
आवाज वाढावा म्हणून आई ते रिकाम्या टोपात ठेवायची.
पुढे टोपाचाही उपयोग होईना,
तेव्हा बाबा ते तळहाताखाली घेऊन झोपू लागले.
गजर झाला की हाताला मुंग्या यायच्या
आणि मुंग्यांमागून बाबा.
तोवर आम्ही पाचजण उठून बसलेलो,
शेजारचे पडवळ उठून बसलेले,
आणि बाबा अंधारात अगदी हळू,
कुणाची झोप मोडू नये म्हणून
चवड्यांवर चालायचे.

त्या साली शिमग्याहून येताना लवू धुरी
राखणीचा कोंबा घेऊन काळाचौकीला आला.
नवस गावचा होता, पण रजा संपली.
देवाला बदललेला पत्ता चालतो, म्हणाला.
गॅलरीच्या टोकाला, डालग्याखाली.

समोर गिरणीच्या जागी टॉवर चढत होता,
रात्रभर हॅलोजन.
कोंबा पहिल्या रात्री सव्वाला आरवला,
मग दोनला, मग तीन वेळा लागोपाठ.
वरच्या मजल्यावरचा अंतोन बोटीवरून आलेला,
त्याने कठड्यावरून वाकून विचारलं,
हा कुठल्या देशाची वेळ सांगतो?
डालग्यावर गोणपाट टाकलं,
गोणपाटावर पडवळकाकूंची गोधडी.
सगळ्यांना एकच म्हण आठवली, सगळे हसले.
चौथ्या रात्री कुणी हसलं नाही.

मी तेव्हा बारावीला. अभ्यासाला उठलो
तर बाबा गॅलरीत उकिडवे बसलेले,
गोधडी बाजूला, डालगं कलतं.
कोंब्याने मान ताणली, चोच उघडली,
गळ्याची पिसं ताठ झाली.
सगळी चाळ कूस बदलत शिव्या देत होती
आणि बाबा
त्याच्या पाठीवर तळहात ठेवून
बघत होते, मन लावून.
मला म्हणाले, मोठ्याने, बहिरे बोलतात तसं:
"चांगला चालतो रे. फक्त पुढे आहे."

एका बुधवारी लवूने नवस फेडला.
घरोघरी वाटी गेली.
बाबांनी फोड घेतली नाही.
रस्सा मात्र भातावर घेतला, दोनदा.

टॉवर पुरा झाला तेव्हा कळलं
म्हणीत एक जागा मोकळी राहिली होती.
कोंबडं झाकून काही होत नाही,
तांबडं झाकावं लागतं.
आमच्याकडे आता ऊन साडेनऊला येतं,
पश्चिमेच्या कुठल्यातरी काचेवर आपटून,
चुकीच्या भिंतीवर.

आता पाणी टाकीतून येतं, केव्हाही.
घड्याळातली कोंबडी मान खाली घालून थांबली आहे,
दाण्यापासून केसभर वर.
मुलीची परीक्षा आहे. तिने माझ्या फोनमध्ये
पाचचा गजर लावलाय, कोंबड्याचा.
कोंबडा तिने पाहिलाय तो सोललेला.

मला चार छत्तीसलाच जाग येते.
पडून राहतो, फोन तळहाताखाली.
आधी थरथरतो तो, आवाज मागून येतो.
त्या मधल्या फटीत मी बंद करतो.
मग तिच्या खांद्यावर हात ठेवतो.
डोळे न उघडता ती विचारते,
गजर झालाच नाही का, बाबा?

झाला की, मी म्हणतो,
जरा जास्तच मोठ्याने.